'कॅप' म्हणजे पकडणे, मग 'रिसीव्ह'मध्ये ते दिसत का नाही?

इंग्रजी शब्दांच्या लॅटिन मुळांची यादी पाठ करूनही नव्या शब्दातलं मूळ ओळखता येत नाही, ही तुमची अडचण खरी आहे. पण दोष तुमच्या पाठांतराचा नाही. यादीत मुळाचं एकच रूप छापलेलं असतं आणि शब्दांत ते तीन-चार वेषांत फिरतं.

'कापेरे' हे लॅटिन क्रियापद घ्या. अर्थ पकडणे, घेणे. कॅप्चर, कॅप्टिव्ह, केपेबल यांत ते उघड दिसतं. उपसर्ग किंवा दुसरा शब्द आधी जोडला की मात्र लॅटिनमध्येच धातूतला स्वर बदलतो. म्हणून रेसिपियंट, पार्टिसिपेट, अँटिसिपेट (आधीच पकडणे!) यांत 'सिप' येतं आणि ॲक्सेप्ट, कन्सेप्ट यांत 'सेप्ट'. आपल्याला यात नवल वाटायला नको. ग्रह् धातूपासून ग्राहक, संग्रह, अनुग्रह आणि गृहीतही होतं. तिथे आपण अडत नाही.

तिसरा वेष फ्रेंचचा. 1066 नंतर इंग्लंडवर आलेल्या फ्रेंचभाषक नॉर्मन राजवटीमुळे फ्रेंच शब्दांचा लोंढा इंग्रजीत आला आणि फ्रेंच तोंडात घासलेली रूपं त्याच्याबरोबर आली: रिसीव्ह, डिसीव्ह, कन्सीव्ह. 'रिसीट'च्या स्पेलिंगमधला मुका 'पी' लॅटिन रूपाकडे बघून मागाहून बसवलेला आहे. डिसीट आणि कन्सीट त्याच घरचे, पण त्यांच्या आजच्या स्पेलिंगमध्ये तो नाही. मला सर्वांत आवडणारी जोडी कॅच आणि चेस. दोन्ही शब्द याच मुळाचे. पहिला उत्तरेकडच्या नॉर्मन बोलीतून आला, दुसरा मध्य फ्रान्सच्या बोलीतून.

आता फसवे शब्द. कॅप्टन आणि कॅपिटल यांचा पकडण्याशी संबंध नाही; ते 'कापुट' म्हणजे डोकं, त्यातून आले. एस्केप 'काप्पा' म्हणजे अंगावरचा झगा, त्यातून आला: झगा मागे टाकून निसटणे. त्यामुळे अक्षरं जुळली म्हणून नातं धरू नका, व्युत्पत्ती देणारा शब्दकोश उघडून खात्री करा.

वहीत एका धातूला एक पान द्या आणि त्याचे सगळे वेष एकाखाली एक लिहा. पुढचं पान 'फाकेरे'चं, म्हणजे करणे: फॅक्टरी, डिफेक्ट, एफिशियंट, आणि फ्रेंचमधून आलेले डिफीट, काउंटरफिट. स्वर कुठे बदलला ते या वेळी तुम्हीच शोधा.