दीड वर्षाचा बूस्टर आणि खबरदारीचा डोस

नौपाड्याहून एका ताईंनी विचारलंय: "आई म्हणते, माझा खबरदारीचा डोस झाला, बूस्टर तेवढा राहिला. हे दोन वेगळे आहेत का? आणि मराठीत म्हणायचं काय, वर्धक मात्रा की दक्षता मात्रा?"

ताई, डोस एकच. करोनाच्या दोन डोसांनंतरचा तिसरा. १० जानेवारी २०२२ पासून तो आरोग्य कर्मचारी, आघाडीवरचे कर्मचारी आणि सहव्याधी असलेल्या साठीपुढच्यांना मिळू लागला, तेव्हा सरकारने त्याचं नाव ठेवलं 'प्रिकॉशन डोस'. त्याची मराठी ज्याने त्याने आपापल्या परीने केली. एका सुईला चार नावं. आईंचा गोंधळ झाला यात त्यांची काहीच चूक नाही.

मला हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. 'बूस्टर' हा शब्द आपल्या घरांत कधीचाच रुळला होता. ठाण्यातल्या कुठल्याही आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या दिवशी थोडा वेळ बसा. सिस्टर कार्ड उलटून म्हणतात, "बाळाचा दीड वर्षाचा बूस्टर राहिलाय हो." डीपीटीचा, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या लसीचा, पहिला बूस्टर १६ ते २४ महिन्यांत, दुसरा ५ ते ६ वर्षांचा असताना. पोर रात्रभर तापाने किरकिरतं, तरी आई पुढच्या तारखेला त्याला कडेवर घेऊन येतेच. एवढा भरवसा त्या शब्दाने कमावलेला. तो बाजूला ठेवून 'खबरदारी' आणली. मराठीत खबरदारी म्हणजे आभाळ भरलंय म्हणून छत्री घेणं. नाही घेतली तरी एखादे वेळी निभावतं. लोकांनी तोच अर्थ घेतला.

पुढे जुलै २०२२ मध्ये दुसऱ्या डोसानंतरचं अंतर ९ महिन्यांवरून ६ महिन्यांवर आलं. अशा वेळी पत्रकांत ठरलेला शब्द असतो, 'सुधारित मार्गदर्शक सूचना'. पण आपण सुधारतो ती चूक! वाचणाऱ्याला वाटतं, म्हणजे आधीचं चुकलंच होतं. "नवी माहिती हाती आली, म्हणून अंतर कमी केलं" असं सरळ वाक्य लिहिलं असतं तर शंकेला जागा उरली नसती.

'वर्धक' व्याकरणाने चोख आहे, वृध् म्हणजे वाढणे. पण बलवर्धक, केशवर्धक अशा बाटल्यांच्या रांगेत तो जाऊन बसतो. 'मात्रा' मात्र मला मनापासून आवडतो. वैद्याने सहाणेवर उगाळून मधातून चाटवलेली ती मात्रा, लागू पडणारी. डोस काय, आपण उपदेशाचेही पाजतो.

तरीही बोलताना मी बूस्टरच म्हणेन, आणि समजावताना कल्हईचा दाखला देईन. पितळेच्या पातेल्याची कल्हई वापराने उडते, म्हणून ती पुन्हा लावून घेतात. पहिली खोटी होती असं कोणी म्हणत नाही.

आईंना सांगा, त्यांचा बूस्टर झालेला आहे. प्रमाणपत्रावर 'प्रिकॉशन' लिहिलंय तोच. आणखी घ्यायचा का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना बूस्टर असंच म्हणा.