तक्रार ऐकण्यापूर्वी एवढे करा

आराखड्यांचे सॉफ्टवेअर सुधारण्याच्या कामात तुम्ही नवे आहात, म्हणून प्रथम एवढेच सांगतो की ग्राहक सुचवतो तो उपाय लगेच करायला घेऊ नका. त्याचे काम नेमके कोठे अडते ते शेजारी बसून पाहा. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातील एका होडी बांधणाऱ्याने माझ्याकडे पडद्यावर कॅल्क्युलेटर मागितला होता. पाहिले तर त्याचा सुतार मापे सुतात (म्हणजे इंचाच्या आठव्या भागात) घेई, पडद्यावर मात्र मिलिमीटर असत, आणि एका सुताचे ३.१७५ मिलिमीटर हा हिशेब तो दर वेळी फळीवर पेन्सिलीने मांडत होता. त्याला कॅल्क्युलेटर नव्हे, सुतातली मापे हवी होती.

तक्रारीसोबत मूळ फाइल, आवृत्तीचा क्रमांक आणि चूक घडण्यापूर्वीच्या पायऱ्या मागून घ्या. पडद्याच्या फोटोवरून (तोही बहुधा तिरकाच असतो) फारसे उलगडत नाही. इंचातली फाइल मिलिमीटर समजून उघडली, तर आराखडा २५.४ पट लहान होतो आणि ग्राहक ‘चित्र गायब झाले’ एवढेच कळवतो.

नवखे लोक मोठ्याने बोलणाऱ्याचे काम आधी करतात. ते टाळा. चुकीचे माप देणारा दोष आधी, गैरसोयी नंतर. आणि दुरुस्ती झाली की तक्रार करणाऱ्याला स्वतः फोन करा.