उत्तर वाच, आणि पुन्हा उभी राहा

प्रिय तरुण सहकारी,

तुझे पत्र मिळाले. सरकारी योजनेबद्दल तोंडी उत्तरासाठी दिलेला तुझा तारांकित प्रश्न सोडतीत वर आला, सभागृहात पुकारला गेला, मंत्रिमहोदयांनी निवेदन पटलावर ठेवले, तुझ्या दोन्ही पुरवणी प्रश्नांना योजनेची थोरवी सांगितली आणि बाहेर आल्यावर पक्षातल्या ज्येष्ठांनी तुला समजावले की सरकार आपलेच आहे, एकदा विचारलेस, पुरे झाले. आता थांबावे की पुन्हा विचारावे, हा तुझा पेच आहे. मला मात्र दुसरीच गोष्ट खटकली. ज्येष्ठांचे म्हणणे तू शब्दशः लिहिलेस, सभागृहातला गोंधळ वर्णन केलास, पण मंत्र्यांच्या लेखी उत्तरात नेमके काय होते, त्याची एक ओळही पत्रात नाही. ते उत्तर तू वाचलेस का?

रागावलो आहे, कारण तुझ्याकडून अपेक्षा आहे. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित प्रश्न असतात आणि अकरा ते बारा या तासात त्यांतले थोडेच तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतात. ती संधी तुला मिळाली. प्रश्नाची सूचना आधी द्यावी लागते, म्हणजे मंत्रालयाला उत्तरातला प्रत्येक शब्द तोलायला पुरेसा वेळ मिळतो. आणि अशा तोललेल्या उत्तरावरून सदस्य मात्र मिनिटभरात नजर फिरवून मोकळा होतो. उत्तर कागद-पेन्सिल घेऊन वाच. तुझ्या प्रश्नाचे ‘(क) ते (घ)’ असे चारही भाग एकत्र करून उत्तर आले असेल, तर त्यांतला कोणता भाग गळाला ते शोध. तू जिल्हावार आकडे मागितलेस आणि राज्याची बेरीज मिळाली का? तू तीन वर्षांचा हिशेब विचारलास आणि योजना सुरू झाल्यापासूनची एकत्रित रक्कम दिली का? मंजूर, वितरित आणि खर्च झालेली रक्कम या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. खर्चाच्या प्रश्नाला वितरणाचा आकडा आला असेल, तर तुझ्या प्रश्नाला उत्तरच मिळालेले नाही, आणि तुझा पुढचा प्रश्न तिथेच तयार आहे.

आपल्या सरकारला पुन्हा कसे विचारायचे, हा संकोच तर तू सोडूनच दे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७५(३) प्रमाणे मंत्रिमंडळ सामुदायिकरीत्या लोकसभेला जबाबदार आहे, केवळ विरोधी बाकांना नव्हे. मुंदडा प्रकरण आठव. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले होते. १९५७ च्या सप्टेंबरात लोकसभेत त्याबद्दल प्रश्न आला, तेव्हा उत्तरातून फारसे काही हाती लागले नाही. सदस्य गप्प बसले नाहीत; नोव्हेंबरात प्रश्न पुन्हा आला, आणि १६ डिसेंबरला फिरोझ गांधी यांनी सगळा व्यवहार सभागृहापुढे उलगडून मांडला. ते सत्ताधारी काँग्रेसचेच सदस्य होते. न्यायमूर्ती छागला यांच्या आयोगाने उघड चौकशी केली, सचिवांच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच असते असे स्पष्ट म्हटले, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना पद सोडावे लागले. पहिल्या उत्तरावर समाधान मानले असते, तर यातले काहीही घडले नसते.

पुढच्या वेळी आवाज चढवावा का, असेही तू विचारतेस. नको. प्रश्नात युक्तिवाद, अनुमान, उपरोध, आरोप आणि विशेषणे नकोत, असे लोकसभेच्या नियम ४१ मध्ये आहे, आणि अनेकांना तो जाच वाटतो. मला तो नेहमीच आधार वाटला. विशेषण घातले की मंत्री विशेषणाला उत्तर देतात आणि आकडा बाजूला राहतो. ‘सरकार कोणती पावले उचलत आहे’ हे तुझ्या प्रश्नातले वाक्य मात्र कायमचे काढून टाक. ते मंत्र्यांना भाषणाचे आमंत्रण आहे.

मला पक्षात कटकट्या म्हणत. एकाच विषयावर मी अधिवेशनामागून अधिवेशने सूचना देत राहिलो, तेव्हा एका मंत्र्यांनी भर सभागृहात मला दुसरा विषय नाही का, असे विचारले. नव्हता, कारण पहिल्याचे उत्तर मिळालेले नव्हते. त्या हट्टामुळे माझे मंत्रिपद हुकले असे लोक सांगतात. हुकले असेल, पण हट्ट योग्यच होता आणि आजही मी तेच करीन. खंत एवढीच आहे की सभागृह विसर्जित झाले, मी पुन्हा निवडून आलो नाही, आणि माझ्या जागी आलेल्याने तो विषय उचलला नाही. त्या प्रश्नाचे उत्तर आजही सरकारकडे थकलेले आहे. म्हणून तुझ्या पत्रातला ‘पुरे झाले’ हा शब्द मला सहन झाला नाही.

२०२० च्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास झाला नाही, लेखी उत्तरे मात्र मिळत राहिली. गेले ते एवढेच: उत्तर ऐकून त्याच क्षणी पुन्हा उभे राहण्याचा अधिकार. तो आज तुझ्याकडे आहे आणि तू तो आपणहून सोडायला निघाली आहेस.

उत्तरात ‘माहिती गोळा करण्यात येत असून ती पटलावर ठेवण्यात येईल’ असे वाक्य असेल, तर ते आश्वासन ठरते. अशा आश्वासनांवर लक्ष ठेवणारी समिती लोकसभेत १९५३ पासून आहे आणि पूर्ततेची मुदत तीन महिने आहे. ती तारीख डायरीत लिहून ठेव. माहिती चुकीची वाटली, तर अध्यक्षांच्या निदेश ११५ खाली लेखी कळव. तथ्य अपुरे असेल, तर नियम ५५ खाली अर्ध्या तासाच्या चर्चेची सूचना दे. उत्तरातल्या तथ्याचा खुलासा मागण्यासाठीच ती तरतूद आहे. यांतला मार्ग कोणता, हे ज्येष्ठांना विचारू नकोस, मलाही विचारू नकोस. ते उत्तरच तुला सांगेल.

उत्तराची प्रत मला पाठव, पण जिथे जिथे ते निसटले आहे तिथे तुझ्या खुणा करूनच पाठव. खुणा नसलेली प्रत आली, तर मी ती न वाचता परत करीन.

तुझा,
एक माजी सदस्य