वर्ग सुटल्यानंतर काय उरतं ते बघ

प्रिय,

आराखडा वाचला. सांगली जिल्ह्यातल्या प्रौढ साक्षरता वर्गांचा परिणाम तपासायचा म्हणतेस, विषय चांगलाच आहे. पण आधी एक चाचणी, नंतर एक चाचणी आणि मधला फरक म्हणजे परिणाम, एवढ्यावर प्रबंध उभा करू नकोस.

'उल्हास' या केंद्राच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाची चाचणी 150 गुणांची. वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी 50. महाराष्ट्रात पहिली झाली 17 मार्च 2024 ला. मार्च म्हणजे आपल्याकडे हळद शिजवायची, द्राक्षं उतरवायची, ऊस अजून फडात. त्या दिवशी न आलेल्या बाईला तू 'गळती'च्या रकान्यात टाकशील आणि लिहिशील, तिला गोडी नव्हती. अगं, तिला मजुरी होती! गैरहजरांच्या घरी आधी जा.

अमेरिकेत पोर्टलंडमध्ये स्टीफन रीडर यांनी शाळा अर्ध्यात सोडलेल्या हजारेक प्रौढांचा 1998 पासून जवळजवळ दहा वर्षं माग काढला. वर्गात गेलेले आणि न गेलेले, दोन्ही त्यात होते, म्हणून तर त्याला वजन आहे. लगेच पाहिलं तर गुणांत दोघांमध्ये फारसं अंतर दिसेना. बदललं होतं ते रोजचं वाचणं-लिहिणं. कौशल्य मागाहून, वर्षांनी, त्या सरावातून वाढलं. वर्षाच्या अनुदानावर चालणाऱ्या कार्यक्रमांना हे ऐकायला जड जातं.

तेव्हा कागद बघ. हळद विकल्यावर आलेली पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, घरात कोण वाचतं? हमाली-तोलाई वजा जाऊन हातात किती पडले, हे बाई स्वतः ताडून बघते की पोराच्या हातात देते? बचत गटाच्या वहीत व्याजाचा रकाना कोण भरतं? पट्टी तिच्यापुढे ठेव आणि गप्प बस. बोट कुठल्या ओळीवर अडतं, कुठली ओळ गाळून थेट शेवटच्या आकड्यावर जातं, ते टिपून घे. 'सही येते का' हा प्रश्न मात्र काढून टाक. कितीतरी जणी सही लिहीत नाहीत, रांगोळीसारखी काढतात.

उलटंही होतं. पावकी, निमकी, दीडकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ असलेले म्हातारे आहेत अजून. सव्वातीन किलोचा हिशोब बोलता बोलता सांगतील, पण अंक लिहिता येत नाहीत म्हणून कागदावर कोरे. तुझ्या संख्याज्ञानाच्या चाचणीला तोंडी भाग जोड, नाहीतर शिकवण्याआधीच येत असलेलं तू वर्गाच्या खात्यावर जमा करशील.

सातारा जिल्ह्यात 1959 साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, ती नीट वाच. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा, अख्खा गाव लोटायचा. मला त्या उत्साहाचं अजूनही अप्रूप आहे. तुझा अभ्यास मात्र समारंभाच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होऊ दे. म्हणजे चाचणीनंतर वर्षभराने त्याच घरांत पुन्हा जायचं. वेळापत्रकात त्याला जागाच ठेवलेली नाहीस. गावं कमी कर, पण ही फेरी घाल.

आणि जत तालुका घेणार असशील तर कन्नड येणारं कुणीतरी सोबत ने. तिथं कित्येक घरांत बोली कन्नड आणि वर्गातलं पुस्तक मराठी. त्यांचे गुण बाकीच्यांत मिसळू नकोस, तक्ता वेगळा कर.

तुझा,
सर