विमानवाहू की विमानवाहक?

प्रश्न असा आहे: दुसऱ्या महायुद्धावरच्या एका कल्पित कथेत दोन इंजिनांचे, जहाजावरून उडणारे लढाऊ विमान आहे. त्याला 'जुळ्या इंजिनांचे विमानवाहक लढाऊ विमान' म्हटले तर चालेल का?

मुळीच नाही. 'विमानवाहक विमान' म्हणजे दुसरी विमाने वाहून नेणारे विमान, आणि तशी विमाने खरोखर होऊन गेली आहेत. सोविएत टीबी-३ या अवजड बाँबफेकी विमानाच्या पंखांखाली लढाऊ विमाने टांगून नेत आणि हवेतच सोडत. १९४१ साली रुमानियातल्या कॉन्स्टान्त्सा बंदरावर त्यांनी असा हल्लाही केला. तुमच्या कथेतले विमान स्वतःच जहाजावरून वाहून नेले जाते. म्हणजे अर्थ नेमका उलटा झाला.

शिवाय 'विमानवाहक' हा शब्दच का हवा? ती हिंदीतल्या 'विमानवाहक पोत'ची (तिथे पोत म्हणजे जहाज) नक्कल आहे; आपल्याकडे 'विमानवाहू नौका' आहेच. मराठीत वाहक एसटीत तिकिटे देतो. आणि पोत कापडाला असतो, गळ्यात असते किंवा भवानीच्या भुत्याच्या हाती पेटलेला असतो. तो समुद्रात कशाला ढकलायचा? 'वाहक' शुद्ध आणि 'वाहू' गावंढळ, असे बजावणारे पंडित मालवाहू ट्रकला काय म्हणतात? 'ऊ' हा आपला अस्सल प्रत्यय आहे: लढाऊ, टिकाऊ, वाहू. वस्तूच्या अंगचा गुण सांगायला त्याच्याइतका नेटका प्रत्यय नाही. माणसाला 'क', वस्तूला 'ऊ', अशी वाटणी मराठीने मनोमन केली आहे असे माझे ठाम मत आहे.

खरी गंमत 'वाहणे'त आहे. नदी वाहते, हमाल ओझे वाहतो, आई काळजी वाहते, आपण देवाला फूल वाहतो, कार्यकर्ता चळवळीला वाहून घेतो. सगळ्यांच्या मुळाशी संस्कृत 'वह्' धातू. 'विवाह' त्याचाच, 'प्रवाह' आणि 'वाहन'ही त्याचीच, आणि इंग्रजांची 'वॅगन' याच घराण्यातली दूरची बहीण. पाण्यावर वाहणारी आणि विमाने वाहणारी नौका, असे दोन्ही अर्थ 'विमानवाहू नौके'त एका क्रियापदाने सांभाळले आहेत. हे 'वाहका'ला जमणार नाही.

राहिली 'जुळी' इंजिने. या जातीची खरी विमाने मोजकीच: अमेरिकेचे टायगरकॅट (पहिले उड्डाण १९४३), ब्रिटनचे सी हॉर्नेट. हॉर्नेटच्या दोन मर्लिन इंजिनांचे पंखे मुद्दाम परस्परविरुद्ध फिरवले होते, विमान एका बाजूला ओढले जाऊ नये म्हणून. ती जुळी कसली? दोन नळ्यांची बंदूक आपण दुनळी म्हणतो, दोन चाकांची गाडी दुचाकी. तसे हे दुइंजिनी. 'नौकेवरचे दुइंजिनी लढाऊ विमान' असे बेलाशक लिहा.