खुर्ची सोडू नकोस

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र दोनदा वाचले आणि सोबतचा ट्रॅक चार वेळा ऐकला. पत्रापेक्षा ट्रॅक अधिक सरळ बोलतो, हे आधीच सांगते. पत्रात तू तीन पाने खर्च करून जे विचारले आहेस ते थोडक्यात असे: तुझे डीजेचे बुकिंग पाहणाऱ्या गृहस्थांनी सुचवले आहे की दर सहा आठवड्यांनी घोस्ट प्रोड्यूसरकडून, म्हणजे स्वतःचे नाव न लावता दुसऱ्यासाठी संगीत बनवून देणाऱ्याकडून, एक तयार ट्रॅक घ्यावा, तो तुझ्या नावाने प्रसिद्ध करावा, आणि तू आपला सगळा वेळ सेट, प्रवास आणि छायाचित्रे यांना द्यावा. ‘सगळेच असे करतात’ हे त्यांचे म्हणणे तुला खोडता येत नाही. ते खोडण्याच्या खटपटीत पडूच नकोस. पुष्कळ जण असे करतात हे खरेच आहे, आणि मी तुला प्रामाणिकपणावर प्रवचन द्यायला बसलेली नाही. तेवढे तुला कळते, म्हणूनच तर तू अस्वस्थ आहेस.

मला बोलायचे आहे ते खुर्चीबद्दल. हा शब्द राजकारणाने बदनाम केला आहे, पण मी म्हणते ती खुर्ची स्टुडिओतली. प्रत्येक स्टुडिओत बसायच्या दोन जागा असतात. एक संगणकासमोर, दोन्ही मॉनिटर स्पीकरांच्या बरोबर मध्यावर. आणि दुसरी मागच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर. खुर्चीवर ट्रॅक तयार होतो. सोफ्यावर फक्त मत तयार होते. सोफ्यावरच्या माणसाची अभिरुची कितीही उत्तम असली, तरी हात खुर्चीवरच्या माणसाचे असतात.

मी तीन वर्षे सोफ्यावर काढली. माझ्याबरोबर काम करणारा मुलगा सॉफ्टवेअरवर विलक्षण चपळ होता. मी बेसलाइन, म्हणजे खालच्या सुरांची ओळ, गुणगुणून दाखवत असे, तो ती क्षणात उतरवून घेत असे. ‘सतराव्या बारपासून फिल्टर हळूहळू उघड’, ‘हा क्लॅप काढ, इथे रिकामी जागा हवी’, असे मी सांगत असे आणि तो करत असे. ट्रॅक आमच्या दोघांच्या नावाने निघाले, आमच्या लहानशा वर्तुळात गाजलेही. मग आमचे मार्ग वेगळे झाले. काही महिन्यांनी संगीत प्रसिद्ध करणाऱ्या एका लेबलने त्यांतल्या एका ट्रॅकच्या रिमिक्ससाठी स्टेम, म्हणजे एकेका आवाजाच्या सुट्या फाईली, मागितले, तेव्हा माझ्या लक्षात आले की माझ्याजवळ तयार स्टिरिओ फाईलखेरीज काहीही नाही. सगळे थर सुटे ठेवणारी प्रोजेक्ट फाईल त्याच्या संगणकात होती, आणि तो संगणक मोडीत निघाला होता. ‘माझाच तर आवाज आहे, पुन्हा बनवीन,’ असे म्हणून मी अकरा रात्री बसले. तो बेस मला बनवता आला नाही. ध्वनी कानांत स्पष्ट होता. हातांना काहीच आठवत नव्हते, कारण हातांनी ते कधी केलेच नव्हते.

लोकांना ही गोष्ट सांगितली की ते लगेच त्या मुलाला दोष देतात, आणि पुष्कळ वर्षे मीही ते चालू दिले. खरी गोष्ट अशी की त्याने मला निदान तीनदा ‘तू बैस’ म्हटले होते. ‘तुझा हात जलद चालतो, तूच कर,’ असे उत्तर मीच दिले होते. माझ्याकडून कोणी खुर्ची हिसकावून घेतली नव्हती. वेळ वाचतो म्हणून मी ती सोडली होती, आणि आज तुला नेमके हेच कारण सांगितले जात आहे: वेळ वाचतो. मी तुझ्यावर थोडी चिडले आहे ती त्यामुळेच, हे समजून घे.

बरे, ज्या स्त्रिया खुर्चीवर बसल्या होत्या त्यांचे तरी काय झाले, असे तू विचारशील. डेलिया डर्बीशायरचे उदाहरण तुला ठाऊक असेलच. १९६३ मध्ये बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉप या ध्वनिप्रयोगांच्या विभागात तिने ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे शीर्षकसंगीत घडवले. चाल रॉन ग्रेनर यांची होती. पण तो ध्वनी, सिंथेसायझर हाताशी नसताना ऑसिलेटर या विजेवर स्वर काढणाऱ्या उपकरणाचे स्वर मुद्रित करून, टेपचे तुकडे कापून आणि जोडून, तिने एकेक सुराने उभा केला. तिला सहरचनेचे श्रेय मिळावे अशी स्वतः ग्रेनर यांची इच्छा होती, तरी त्या काळच्या नियमांत ते बसले नाही. पडद्यावर तिचे नाव झळकायला २०१३ साल उजाडावे लागले, आणि ती तर २००१ मध्येच गेली होती. आइसलंडची गायिका ब्यर्क हिने २०१५ च्या एका मुलाखतीत सांगितले की ‘वेस्परटाइन’ या तिच्या अल्बमचे बहुतेक बीट्स तिने स्वतः सुमारे तीन वर्षे खपून विणले होते, शेवटच्या काही आठवड्यांत संगीतकारांची एक जोडी कामात आली, आणि सगळ्या अल्बमच्या निर्मितीचे श्रेय लिहिणाऱ्यांनी त्या जोडीला देऊन टाकले. संगणकापुढे काम करताना आपली छायाचित्रेच निघाली नव्हती, याकडेही तिने लक्ष वेधले. तेव्हा छायाचित्रांबद्दलच्या तुझ्या प्रश्नाचे माझे उत्तर हेच: जरूर काढून घे, पण खुर्चीवर बसलेली काढून घे.

म्हणजे खुर्चीवर बसूनही श्रेय मिळेलच असे नाही. मग बसायचे कशाला? अगं, श्रेय दुसऱ्याच्या हातात असते, ते उशिरा मिळेल किंवा मिळणारही नाही; पण कारागिरी तुझ्या हातात उतरते, ती कोणालाही काढून घेता येत नाही. डर्बीशायरला तो ध्वनी पुन्हा बनवता आला असता. मला माझा बनवता आला नाही.

तुझ्या त्या गृहस्थांनी एका गोष्टीचा विचार केलेला दिसत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या अॅनेनबर्ग या विद्यापीठीय संस्थेच्या संशोधकांनी २०१२ ते २०१७ मधल्या लोकप्रिय गाण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गायक-कलाकारांत स्त्रिया २२.४ टक्के होत्या, आणि निर्मात्यांत, म्हणजे गाण्याचा ध्वनी घडवणाऱ्यांत, २ टक्के. जिथे संख्या इतकी तुटपुंजी, तिथे प्रत्येक स्त्रीकडे ‘हिचे नक्की कोण बनवून देते?’ या नजरेने पाहिले जाते. पुरुष डीजेने ट्रॅक विकत घेतला तर ती त्याची खासगी बाब राहते. तू घेतलास तर तो जुना संशय तुझ्यापुरता खरा ठरतो, आणि मग जी मुलगी रात्र रात्र जागून स्वतः ट्रॅक बांधते तिच्याकडे बोट दाखवायला लोकांना तुझे नाव मिळते. हे अन्यायाचे आहे, मान्य. पण ते तसे आहे.

बेल्जियमची डीजे शार्लोट द विट हिने सुरुवातीला रेव्हिंग जॉर्ज या पुरुषी नावाने सेट वाजवले, कारण बाई आहे म्हणून आधीच ठरवून टाकलेली मते तिला टाळायची होती. पुढे ती स्वतःच्या नावावर आली आणि २०१९ मध्ये तिने आपले लेबल काढले. अमेरिकेतल्या डेट्रॉइटची डीजे आणि निर्माती केली हँड हिने तर १९९० च्या सुमारासच स्वतःचे लेबल सुरू केले होते, आणि त्या शहराने तिचा जाहीर गौरव केला तो २०१७ मध्ये. या दोघींच्या मार्गांत एक गोष्ट समान दिसते: नाव कधी झाकले असेल, गौरवाची वाट पाहावी लागली असेल, पण खुर्ची सोडलेली नाही.

व्यवहाराचेही सांगते, कारण तुझ्या पिढीला व्यवहार लवकर पटतो. तयार ट्रॅक घेताना तू हक्क आणि गुप्तता दोन्ही विकत घेतेस, असे तुला वाटेल. परंतु दुसऱ्या वर्षी कोणी लाइव्ह सेट मागितला, कोणी रिमिक्स मागितला, कोणी शेजारी बसून नवे काही करू या म्हणाले, तर तू काय करशील? तो आवाज भाड्याचा असेल, आणि घरमालक तुझ्या प्रतिस्पर्ध्यालाही तशीच खोली भाड्याने देत असेल.

याउलट मी काय केले, तेही सांगणे भाग आहे, नाहीतर माझा उपदेश एकांगी होईल. त्या अकरा रात्रींनंतर मी कोणालाही माझ्या खुर्चीला हात लावू दिला नाही. सहा वर्षांत माझे सात ट्रॅक निघाले. माझ्याबरोबरचे लोक वर्षाला दहा काढत होते, मोठ्या लाइनअपवर, म्हणजे कार्यक्रमातल्या कलाकारांच्या यादीवर, त्यांची नावे वरच्या ओळीत होती, माझे खाली बारीक अक्षरांत. माझ्या एजंटने शेवटी मला सोडून दिले. ‘हिच्याबरोबर काम करणे अवघड आहे’ हे वाक्य माझ्याआधी ठिकठिकाणी पोचत असे. एक मैत्रीण होती, तिचा तालाचा कान माझ्याहून तयार होता. तिने दोघी मिळून काहीतरी करू या असे विचारले, आणि मी एक मामुली कारण काढून टाळले. आमचे संगीत माझ्या एकटीच्या संगीतापेक्षा चांगले झाले असते, असे मला आजही वाटते. तो निर्णय चुकला असेल. पण आज माझ्या सातही ट्रॅकमधला प्रत्येक आवाज मी डोळे मिटून पुन्हा बनवू शकते, आणि ज्यांची नावे वरच्या ओळीत होती त्यांच्यातल्या कितीजणांना हे म्हणता येईल? हा प्रश्न मी तुला विचारते आहे की स्वतःला, ते मला नीटसे ठरवता येत नाही. असो.

तू माझ्याइतकी ताठ राहू नकोस. खुर्चीवर बसणे म्हणजे खोलीत एकटे बसणे नव्हे, हे मला उशिरा कळले. मदत करणारा सोफ्यावर बसू शकतो, शेजारी बसू शकतो, चुका दाखवू शकतो. मास्टरिंग, म्हणजे ट्रॅकवरचा शेवटचा हात, बाहेर देण्यात काहीही कमीपणा नाही, कारण तिथे ताजा कान हवाच असतो. कोणाबरोबर काम केलेस तर त्याच दिवशी, खोलीतून उठण्यापूर्वी, कोणाचा वाटा किती हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घे. प्रोजेक्ट फाईल आणि स्टेम दोन वेगळ्या ठिकाणी ठेव. प्लगइनचे, म्हणजे संगणकातल्या वाद्यांचे, आवाज ऑडिओ करून ठेव, कारण काही वर्षांनी ते प्लगइन उघडेलच याचा भरवसा नसतो. दोन ट्रॅकची लय आपोआप जुळवणारे सिंक बटण वापरावे की नाही, या वादात मात्र वेळ घालवू नकोस. कानाने बीटमॅच करायला शिक आणि मग हवे ते बटण दाब.

आता तुझ्या ट्रॅककडे येते. किक, म्हणजे ड्रमचा जड ठोका, आणि बेस एकाच जागी, साधारण पन्नास ते साठ हर्ट्झमध्ये, एकमेकांच्या पायात पाय घालत आहेत. कोणीतरी एकाने सरकले पाहिजे. मिनिटाला १२८ ठोक्यांच्या लयीत, चार ठोक्यांचा एक बार धरून, ३२ बार म्हणजे बरोबर एक मिनिट होते. तुझा ब्रेक ६४ बारांचा आहे, आणि दोन मिनिटे किकविना नाचणाऱ्यांना धरून ठेवण्याइतके त्यात काही घडत नाही. सुरुवात मात्र जेमतेम आठ बारांची. तू स्वतः डीजे असून दुसऱ्या डीजेला मिक्स करायला पंधरा सेकंद देतेस? हे सगळे दुरुस्त होण्यासारखे आहे आणि ते तूच करायचे आहेस.

पण दुसऱ्या मिनिटाला तो घासल्यासारखा आवाज येतो, किंचित बेसूर, ऑफबीटच्या, म्हणजे दोन ठोक्यांमधल्या जागेच्या, जरा मागे रेंगाळणारा, तो कुठून आणलास? मी त्याच्यासाठीच ट्रॅक चार वेळा ऐकला. भाडोत्री निर्माता तो पहिल्या तासात पुसून टाकील, कारण तो सॉफ्टवेअरमधल्या तालाच्या ग्रिडवर बसत नाही. तू ठेवला आहेस. तो का ठेवला, हे तुला शब्दांत सांगता आले नाही तरी चालेल. त्या गृहस्थांना उत्तर पाठवण्यापूर्वी हा ट्रॅक पूर्ण कर, आणि मला नुसते गाणे न पाठवता प्रोजेक्ट फाईल पाठव. मला त्यातले तुझे सुटे थर, तुझी अर्धवट ऑटोमेशन आणि म्यूट करून ठेवलेल्या चुका बघायच्या आहेत.

तुझी,
सोफ्यावरून उठायला उशीर झालेली

ता. क. कानात घालायचे प्लग तू वापरत नाहीस, हे तुझ्या पत्रातल्या एका ओघातल्या वाक्यावरून कळले. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसता येतो असे धरतात, आणि दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटे. तुझा सेट दोन तासांचा असतो. माझ्या डाव्या कानात बारा वर्षांपासून एक बारीक शिट्टी वाजते आहे, तिच्यामुळे माझे हाय-हॅट, म्हणजे ड्रमच्या झांजांचे आवाज, नेहमी गरजेपेक्षा चढे होतात. तुझ्या फाईलवर माझे मत येईल तेव्हा हाय-हॅटबद्दल मी जे म्हणेन ते ऐकू नकोस.