जर्मनीतल्या बेकरीत माझं व्हिसा डेबिट कार्ड चाललं नाही. युरोपात प्रत्येक देशाचं डेबिट कार्ड वेगळं असतं का?

तुम्ही लिहिलंय की बेकरीच्या दारावर 'फक्त ईसी कार्ड' अशी जर्मन पाटी होती आणि भारतातून आणलेलं कार्ड मशीनने घेतलंच नाही. तुमच्या कार्डात काही खोट नाही. त्या दुकानदाराने व्हिसाची सोयच घेतलेली नाही, एवढंच. श्टुटगार्टला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मीही भरलेली पिशवी काउंटरवर सोडून परतले होते, त्यामुळे ती अवघडलेली वेळ मला चांगली ठाऊक आहे.

'ईसी' हे जुनं नाव, युरोपभर चालणाऱ्या 'युरोचेक' या धनादेशांच्या काळातलं. २००७ पासून जर्मन बँकांच्या या व्यवस्थेला अधिकृतपणे 'गिरोकार्ड' म्हणतात, पण लोकांच्या तोंडी अजून ईसीच आहे. आपल्या रुपेसारखंच हे देशातल्या बँकांचं देशातलं जाळं. दुकानदाराला ते सहसा स्वस्त पडतं, म्हणून छोटी दुकानं तेवढ्यावरच थांबतात.

मग जर्मन माणूस पॅरिसला गेला की काय करतो? त्याच्या कार्डाच्या एकाच चिपमध्ये बहुतेक वेळा दोन व्यवस्था असतात: गिरोकार्ड आणि सोबत व्हिसा किंवा मास्टरकार्ड. कार्ड घातलं की मशीन चिप वाचतं आणि कार्ड व मशीन दोघांनाही चालेल अशी व्यवस्था शोधतं. जर्मनीत गिरोकार्ड सापडतं. फ्रान्समधल्या मशीनला ते ओळखीचं नसतं, म्हणून पैसे दुसऱ्या वाटेने जातात. ही दुसरी वाट पूर्वी बहुधा माएस्ट्रोची, म्हणजे मास्टरकार्डच्याच जुन्या डेबिट व्यवस्थेची असे. १ जुलै २०२३ पासून युरोपात नवी माएस्ट्रो कार्डं देणं बंद झालं, आणि त्या जागी व्हिसा डेबिट किंवा डेबिट मास्टरकार्ड आलं.

दोन्ही वाटा खुल्या असतील तर दुकानदार मशीनमध्ये आपल्या सोयीची वाट आधी लावून ठेवू शकतो. पण युरोपीय संघाच्या २०१५ च्या नियमानुसार शेवटची निवड ग्राहकाची असते. त्याच नियमाने डेबिट कार्डावर दुकानदाराच्या बँकेने ग्राहकाच्या बँकेला द्यायच्या शुल्काला ०.२ टक्क्यांची मर्यादा घातली.

इतर देशांत नावं बदलतात, रचना साधारण हीच. बेल्जियमचं बँकॉन्टॅक्ट, फ्रान्सचं सीबी, इटलीचं पागोबँकोमाट, डेन्मार्कचं १९८३ पासूनचं डानकोर्ट. पोर्तुगालचं मुल्तिबांको मला सगळ्यात आवडतं: तिथे एटीएमवर उभं राहून विजेचं बिलही भरता येतं. नेदरलँड्सने मात्र आपली 'पिन' ही व्यवस्था २०१२ च्या सुमारास गुंडाळली आणि आंतरराष्ट्रीय कार्डांवर गेले. तरी कार्डाने पैसे देण्याला डच लोक आजही 'पिनन' म्हणतात! युरो आला, बँक खात्यांमधले व्यवहार एकसारखे झाले, पण सगळ्या युरोपचं एकच डेबिट कार्ड काही झालं नाही.

आता तुमच्यासाठी. इथे खातं उघडताना गिरोकार्ड मिळेल का, हे स्पष्ट विचारा. काही बँका नुसतं व्हिसा डेबिट देतात आणि गिरोकार्डाचे दरमहा पैसे घेतात. दोन्ही जवळ ठेवा, कारण ऑनलाइन खरेदीला गिरोकार्ड सहसा उपयोगी पडत नाही. तोवर भारतातल्या कार्डावर आंतरराष्ट्रीय वापर बँकेच्या अ‍ॅपमधून सुरू करून एटीएममधून रोख काढा. मशीनने 'रुपयांत हिशेब करू का?' असं विचारलं तर नाही म्हणा आणि युरोच निवडा. रुपयांचा तो दर जवळजवळ नेहमीच महाग असतो.